विश्रांती शेवटच्या माणसापासून मोजायची

दिवाळी झाली की सायकलवाल्यांचा सीझन सुरू होतो आणि कोकण किनाऱ्याचा रस्ता बहुतेकांच्या डोक्यात असतो, म्हणून यावेळी लांब पल्ल्याच्या ग्रुप ट्रिपबद्दल प्रश्न मागवले होते. बरेच आले. सगळे घेता आले नाहीत. एका पत्राला मात्र सगळ्यात जास्त जागा दिलीय, कारण ते वाचून मला रात्री नीट झोप लागली नाही.

प्रश्न : मी ४४ वर्षांची, सांगलीत शाळेत शिकवते. गेल्या डिसेंबरमध्ये आमच्या इथल्या ग्रुपबरोबर कोकण किनाऱ्याने पाच दिवसांची ट्रिप केली, रोज साधारण ८० किमी. माझा स्पीड १५, बाकीच्यांचा २०. प्रत्येक थांब्यावर मी पोचायचे तेव्हा बाकीचे उठून हेल्मेट घालत असायचे. तिसऱ्या दिवशी एका फाट्यावर चुकले, रेंज नव्हती, दीड तास एकटी होते. रात्री जेवताना एकजण सगळ्यांसमोर म्हणाले, ताई उद्यापासून तुम्ही गाडीतच बसा. मी बसले. घरी आल्यापासून सायकलला हात लावलेला नाही. मी खरंच ग्रुपला मागे खेचत होते का?

नाही हो ताई. तुम्हाला तीन दिवस विश्रांतीच मिळाली नाही, आणि त्याचा हिशोब अगदी साधा आहे. २० किमीवर थांबा ठरलाय असं धरा. २० च्या स्पीडने जाणारा तासाभरात पोचतो, तुम्हाला ८० मिनिटं लागतात. म्हणजे ते वीस मिनिटं बसले, चहा झाला, फोटो झाले, पाय मोकळे झाले, आणि तुम्ही दिसलात की "चला, आल्या" म्हणून उठले. दिवसात असे चार टप्पे झाले तर त्यांना ८० मिनिटं बसायला मिळतात आणि तुम्हाला शून्य, वर तुम्ही सव्वापाच तासांच्या वर पेडल मारताय आणि ते चारच तास. आता सांगा, तिसऱ्या दिवशी कुणाचे पाय जास्त थकलेले असणार? जी सगळ्यात जास्त वेळ सायकलवर आहे तिलाच सगळ्यात कमी बसायला मिळतं आणि मग म्हणायचं की ही कमी पडते. हे कुणी मुद्दाम करत नाही, मला माहितीय, पण बहुतेक ग्रुपमध्ये होतं, आणि जे पुढे असतात त्यांना ते दिसतच नाही कारण ते पुढे असतात.

मला कसं माहिती, तर मी स्वतः पुढे होते.

हरिहरेश्वरहून हर्णैपर्यंतचा दिवस होता. नकाशावर बघाल तर काहीच नाही, साठेक किलोमीटर. आम्ही अकरा जण. सकाळी अंधारातच निघालो, बागमांडल्याच्या जेट्टीवर पोचलो तेव्हा जंगलजेटी, म्हणजे गाड्या नेणारी फेरीबोट, अजून पलीकडून यायची होती, त्यामुळे तिथे टपरीवर सगळ्यांनी एकत्र चहा घेतला, सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला उतरलो. तोपर्यंत सगळं छान. खरं तर ज्या दिवशी मध्ये खाडी असते तो दिवस मला आवडतो, कारण जेट्टीवर सगळ्यांना एकमेकांसाठी थांबावंच लागतं.

पुढे मात्र कोकणातल्या रस्त्याचा स्वभाव सुरू होतो, जो सपाटीवर सायकल चालवणाऱ्यांना माहिती नसतो. खाडीकाठचं गाव असतं समुद्रसपाटीला, तिथून रस्ता चढतो वर सड्यावर, सड्यावर जांभ्याचा उघडा माळ आणि सावलीचं नाव नाही, मग पुढच्या खाडीला परत सगळं खाली. घाटासारखा मोठा चढ कुठेच नाही पण दिवसभरात अशा घाटी मोजून मोजून जीव जातो. उतारावर मिळालेला वेग पुढच्या चढाच्या पहिल्या वळणालाच संपतो. म्हणून अशा रस्त्यावर ग्रुप जितका फाटतो तितका सपाटीवर कधी फाटत नाही.

त्या दिवशी लीड, म्हणजे सगळ्यात पुढे चालवणं, माझ्याकडे होता. आमच्यात एक काका होते, ६१ वर्षांचे, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, हळू चालवायचे पण थांबायचे नाहीत. स्वीप म्हणजे सगळ्यात मागून चालवणारा जो मुलगा होता तो दुसऱ्या एकाचं पंक्चर काढायला थांबला आणि काका त्याला मागे टाकून पुढे आले, म्हणजे आता काका आमच्या मागे आणि स्वीपच्या पुढे, मधल्या मध्ये एकटे. मला ऊन चढायच्या आत केळशी गाठायची होती. केळशीचा फाटा आला, मी वळले, माझ्या मागचे वळले, कुणीच फाट्यावर थांबलं नाही. काका सरळ गेले मंडणगडच्या बाजूला. आम्हाला ते केळशीत पोचून चाळीस मिनिटं झाल्यावर कळलं, जेव्हा स्वीप आला आणि त्याने विचारलं, काका कुठायत?

रेंज नाही. दोघं जण उलटे गेले. काका एक आख्खा चढ फुकट चढून गेले होते, शेवटी गवताचा भारा घेऊन चाललेल्या एका बाईंना विचारलं तेव्हा त्यांनी परत पाठवलं. ऐन बाराच्या उन्हात ते महालक्ष्मीच्या देवळाशी पोचले. बाटली रिकामी, चेहरा लालबुंद. कुणाला काहीही बोलले नाहीत. कट्ट्यावर बसले आणि मला म्हणाले, पाणी आहे का. मी त्यांना पाणी दिलं, आणि खरं सांगते, तेव्हापासून आजपर्यंत मी कुठल्या फाट्यावर थांबल्याशिवाय वळलेले नाही.

त्या संध्याकाळी हर्णैच्या वाळूत मासळीचा लिलाव चालला होता. होड्या पाण्यातच उभ्या राहतात, बैलगाड्या पाण्यात घालून मासळी किनाऱ्यावर आणतात आणि तिथेच वाळूत बोली लागते. बाकीचे तिकडे फोटो काढत होते आणि आम्ही चार जण बाजूला बसून नियम लिहीत होतो. तेच नियम आम्ही आजही पाळतो, तुमच्या ग्रुपला दाखवा.

सगळ्यात पहिला, विश्रांती शेवटच्या माणसापासून मोजायची. शेवटचा येऊन, बसून, पाणी पिऊन झालं की तिथून पंधरा मिनिटं. आधी आलेल्यांचा थांबा लांबतो, लांबू दे. चहा सुद्धा आम्ही शेवटचा आल्यावरच सांगतो, कारण आधी सांगितला की मागून येणाऱ्याला गार चहा आणि उठलेली माणसं मिळतात. दुसरा नियम फाट्याचा. जिथे रस्ता फुटतो तिथे लीडच्या मागचा पहिला माणूस उभा राहतो आणि स्वीप दिसेपर्यंत हलत नाही, पुढच्या फाट्याला तेव्हा लीडच्या मागे जो असेल तो. असं फिरत फिरत सगळ्यांची पाळी येते, रेंज असो नसो माणूस चुकत नाही. आणि स्वीपच्या पुढे गेलेलं चालतं पण त्याच्यापासून तुटायचं नाही, तो थांबला की शेवटचा सायकलवाला पण थांबणार. अजून एक आम्ही करतो, हळू चालवणारे तीन-चार जण सकाळी अर्धा तास आधी निघतात, सोबत एक रस्ता माहिती असलेला. मग दिवसाच्या पहिल्या थांब्यावर सगळे जवळपास एकत्रच पोचतात आणि आख्खा दिवस वेगळा जातो, मी बघितलंय.

बॅकअप गाडीबद्दल, म्हणजे ग्रुपच्या सोबत असणाऱ्या गाडीबद्दल. गाडीत बसणं यात कमीपणा काहीच नाही, ताप असेल, गुडघा दुखत असेल, नुसता कंटाळा आला तरी बसावं. पण ते ज्याचं त्याने ठरवायचं. चारचौघांत जेवणाच्या ताटावर कुणाला सांगायचं नाही. त्यांनी ते तसं बोलायला नको होतं, आणि बाकीच्यांनी गप्प बसायला नको होतं, मला तर दुसरी गोष्ट जास्त लागली.

काका अजून आमच्याबरोबर येतात. तुम्ही आज संध्याकाळी एवढंच करा ताई, चाकात हवा भरा. वर्षभर उभी असेल तर टायर चपटे झाले असतील, ब्रेक पॅड कडक झाले असतील, चेनला तेल लागेल. रविवारी एखाद्या मैत्रिणीबरोबर हरिपूरपर्यंत जाऊन या संगमावर. पुढच्या ट्रिपचं नंतर बघू, आणि जाताना आधी लीडरला विचारा की तुमचा फाट्याचा नियम काय आहे. उत्तर देता आलं नाही तर दुसरा ग्रुप शोधा.

प्रश्न : देशावर १०० किमी सहज होतात. पण कोकणात गेलो की अकरा वाजल्यानंतर डोकं दुखतं, पोटऱ्यांत गोळे येतात, दुपारी तर गळूनच जातो. पाणी भरपूर पितो तरी. – वय ३६, जळगाव

तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे, नुसतं पाणी भरपूर पिताय. जळगावचं ऊन कडक पण कोरडं, घाम येतो आणि लगेच वाळतो, त्याने अंग थंड होतं. कोकणात हवा दमट, घाम वाळतच नाही, नुसता गळतो, म्हणून शरीर अजून घाम काढतं आणि त्याबरोबर मीठ जातं. त्यावर तुम्ही साधं पाणी ढोसत राहिलात की रक्तातलं मीठ अजून पातळ होतं. डोकेदुखी, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं असू शकतात आणि ते वाढलं तर जिवावर बेतू शकतं, त्यामुळे हे हलक्यात घेऊ नका. दोन बाटल्या ठेवा, एकीत साधं पाणी आणि एकीत ओआरएस. पाकिटावर एक लिटर लिहिलेलं असेल तर एक लिटरच पाणी घ्यायचं, अर्ध्या लिटरच्या बाटलीत आख्खं पाकीट ओतायचं नाही, हे सांगायचं कारण म्हणजे निम्मे लोक तसंच करतात. उन्हात तासाला अर्धा ते पाऊण लिटर, तेही घोट घोट. वाटेत कोकम सरबत मिळेल तिथे मीठ घालून घ्या, शहाळं घ्या, ताक घ्या. बीपीची गोळी चालू असेल तर मिठाचं आधी डॉक्टरांना विचारा.

आणि गळून जाणं म्हणजे बहुतेक वेळा खाणं कमी. तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट लागतात, एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, म्हणजे तासाला एक केळं आणि वर थोडे खजूर किंवा राजगिऱ्याचा लाडू किंवा चिक्की. भूक लागायची वाट बघायची नाही, भूक लागली म्हणजे उशीर झालेला असतो. मी घड्याळात दर ४५ मिनिटांचा अलार्म लावते, वाजला की काहीतरी तोंडात टाकायचं. सकाळी निघताना घावन-चटणी किंवा पोहे, पोटभर नाही पण व्यवस्थित.

दुपारचं सांगते ते ऐका मात्र. कोकणात घरगुती खानावळीत बसलात की ताट समोर येतं, तळलेले मासे, सार, भात, सोलकढी, आणि माणूस दोन वाढप जास्तच जेवतो आणि मग समोर सड्याचा चढ. असं करू नका. दुपारी वरण-भात किंवा दहीभात एवढंच, आणि ते आख्खं ताट रात्री मुक्कामाला, तेव्हा हवं तितकं जेवा. अकरा ते तीन शक्यतो सावलीत काढायचे, म्हणूनच तर पहाटे निघायचं असतं.

प्रश्न : तिसऱ्या दिवसापासून गुडघा पुढून दुखतो. नीकॅप लावू का? – नगर

आधी सीट बघा. पुढून दुखत असेल तर बहुतेक वेळा सीट खाली असते, मागून दुखत असेल तर जास्त वर. पेडल सगळ्यात खाली असताना पाय अगदी थोडा वाकलेला राहायला हवा. एकदम दोन इंच नाही, थोडी थोडी वर करून बघा आणि दांडीवर पेनाने खूण करा. दुसरं कारण जड गिअर. मिनिटाला ८०-९० फेरे पडतील इतका हलका गिअर ठेवा, चढ दिसला की चढाच्या आधीच बदला. सूज असेल तर मात्र नीकॅप वगैरे राहू द्या आणि हाडांच्या डॉक्टरकडे जा.

प्रश्न : ग्रुपमध्ये आम्ही दोघीच मुली आणि बारा पुरुष. बाथरूमचं कसं करायचं हे विचारायलाच लाज वाटते. मी दुपारपर्यंत पाणीच पीत नाही. आणि ट्रिपच्या मध्येच तारीख येतेय, रद्द करू का? – वय २३, कोल्हापूर

रद्द करू नकोस. आणि पाणी न पिणं आजपासून बंद कर, वरती जळगावच्या वाचकांना जे लिहिलंय ते सगळं तुलाही लागू आहे, शिवाय लघवी धरून धरून इन्फेक्शन होतं ते वेगळंच. मी तुझ्या वयात हेच करायचे आणि दोनदा अँटिबायोटिक्स घेतलेत.

सोय आहे, फक्त आधी काढावी लागते. पेट्रोल पंपावर टॉयलेट असतं पण किनाऱ्याच्या रस्त्यावर पंप लांब लांब आहेत. मोठ्या गावात एसटी स्टँड, हॉटेल. त्यापलीकडे सगळ्यात चांगली सोय म्हणजे घरं. अंगणात बाई दिसल्या की सायकल लावायची आणि सरळ विचारायचं, "काकी, जरा बाथरूम वापरू का?" इतक्या वर्षांत मला एकदाही नाही म्हटलेलं नाही, उलट पाणी विचारतात, कुठून आलात, एवढ्या लांब सायकलने कशाला, गाडी नाही का, सगळं विचारतात आणि वाटेला लावताना पिशवीत दोन पपनस नाहीतर केळी टाकतात. दोघी आहात ते बरंच आहे, एक जाईल तेव्हा दुसरी सायकलपाशी. थांबे ठरवतानाच लीडरला सांगायचं की प्रत्येक थांबा बाथरूम असलेल्या ठिकाणीच हवा. लाजायचं कारण नाही, चहाची टपरी शोधतात तशीच ही पण शोधायची गोष्ट आहे. त्या बारा जणांत एखाद्याला डायबेटिस असेल, एखाद्याला प्रोस्टेट, ते पण तुझे आभार मानतील.

पाळीचं. पॅडेड शॉर्टच्या आत पॅड लावून पाच-सहा तास सीटवर बसलं की घासतं, कडा टोचतात, पुरळ येतं. मेन्स्ट्रुअल कप सगळ्यात सोयीचा, पण पहिल्यांदा ट्रिपवर वापरू नकोस, आधी दोन-तीन महिने घरी सवय कर, नाहीतर टॅम्पॉन. दोन्ही जमत नसेल तर पातळ पॅड, आणि दर थांब्यावर बदलायचं. जुने पेपर आणि एक झिपवाली पिशवी जवळ ठेव, वाटेत कुठेही टाकायचं नाही, मुक्कामाला जाऊन नीट टाकायचं. खांद्यावरून पट्टे असलेली बिब शॉर्ट घेऊ नकोस, दर वेळी वरचा टीशर्ट काढावा लागतो, साधी कमरेची घे. आणि पॅडेड शॉर्टच्या आत दुसरं काही घालायचं नाही, हे मुलांनाही कुणी सांगत नाही आणि मग चौथ्या दिवशी कुणी सीटवर बसू शकत नाही. रोज धुवायची, म्हणून दोन हव्यात. दमट हवेत वाळत नाही, रात्री पंख्याखाली टाक.

पहिल्या दिवशी पोटात फार दुखत असेल तर बिनधास्त गाडीत बस. सांगलीच्या ताईंना लिहिलंय तेच, आपलं आपण ठरवायचं.

प्रश्न : साधी गिअरची एमटीबी (माउंटन बाइक) आहे. ट्रिपसाठी महागडी रोडबाइक घेऊ का? – सातारा

नका घेऊ. कोकणातल्या उतारांना चांगले ब्रेक आणि चढांना हलका गिअर लागतो, दोन्ही तुमच्या सायकलला असणार. जाड गोट्यांचे टायर काढून दीड इंची गुळगुळीत टायर टाका, फरक लगेच कळेल. निघायच्या आठवडाभर आधी ब्रेक पॅड, केबल आणि स्पोक तपासून घ्या, आदल्या दिवशी नाही, कारण नवीन केबल थोडी ताणते आणि परत ॲडजस्ट करावी लागते. तुमच्या मापाच्या दोन ट्यूब स्वतःजवळ ठेवा. ग्रुपमध्ये प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याकडे असेल.

प्रश्न : मुलगा १६ वर्षांचा. क्लबच्या ट्रिपला जायचं म्हणतोय, पुणे ते रत्नागिरी. बायको ऐकत नाही, मलाही भीती वाटते. पाठवू का? – पिंपरी

भीती वाटणं चुकीचं नाही, रस्ता धोक्याचा असतोच आणि मी तुम्हाला काही होत नाही असं सांगणार नाही. पण भीती ट्रिपची धरण्यापेक्षा ट्रिप कशी आखलीय ते बघा. लीडरला भेटा, फोनवर नाही, समोर बसून विचारा. मुंबई-गोवा हायवेवर किती किलोमीटर आहेत? उत्तर शून्याच्या जवळ हवं, तो ओलांडण्यापुरता आला तर ठीक. अंधारात सायकल चालवणार का? डिसेंबरात सहा वाजताच सूर्य मावळतो, त्यामुळे पाचला मुक्कामी पोचायचं असं नियोजन हवं, आणि पहाटे निघत असतील तर प्रत्येकाच्या मागे लाल लाइट. अठराखालच्या मुलांबरोबर कोण चालवणार, नाव सांगा. आणि ताम्हिणीसारख्या घाटाच्या उताराला काय करता?

या शेवटच्या प्रश्नावर नीट लक्ष द्या कारण मुलं पडतात ती चढावर नाही, उतारावर. चांगला लीडर घाटमाथ्यावर सगळ्यांना थांबवतो, ब्रेक बघतो, एकेकाला अंतर ठेवून सोडतो. ब्रेक धरून ठेवायचा नाही, रिम तापते, थोडा दाबायचा सोडायचा, वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात ब्रेक मारायचा नाही, बाहेरच्या बाजूचं पेडल खाली, आणि आपली डावी बाजू सोडायची नाही, समोरून चिऱ्याचा ट्रक कधी येईल सांगता येत नाही. हे सगळं मुलाला तोंडपाठ आहे का विचारा. शेजारी-शेजारी गप्पा मारत चालवणं बंद, कानात इयरफोन बंद, हेल्मेट चिनस्ट्रॅप लावून.

उत्तरं नीट मिळाली तर पाठवा. रोज रात्री एक फोन आणि दिवसा लीडरचा एक मेसेज एवढं ठरवून घ्या आणि मग दिवसभर त्याला फोन करू नका, तो चालत्या सायकलवर उचलेल. पाच दिवसांनी रत्नागिरीला घ्यायला जा दोघं. तो वेगळा दिसेल तुम्हाला.

प्रश्न : परत येताना सायकल रेल्वेने आणता येते का? – डोंबिवली

येते. तिकीट असेल तर लगेज म्हणून ब्रेकव्हॅनमध्ये बुक होते. पार्सल ऑफिसला निदान दीड-दोन तास आधी जा, सायकलवर नाव, मोबाईल नंबर, कुठून कुठे हे पुठ्ठ्यावर लिहून बांधा. लाइट, मीटर, पंप, बाटली काढून घ्या. मागच्या डेरेलरला, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाला, जुनं कापड नाहीतर पुठ्ठा गुंडाळा, तोच सगळ्यात आधी वाकतो. छोट्या स्टेशनवर गाडी दोन मिनिटं थांबते, त्यात सायकल चढवायला कुणी तयार होत नाही, म्हणून रत्नागिरीसारखं मोठं स्टेशन गाठा.

प्रश्न : मी २८ वर्षांचा, स्पीड चांगला आहे. ग्रुपमधल्या हळू लोकांमुळे दर अर्ध्या तासाला थांबावं लागतं, अंग गार पडतं, लय जाते. सरळ बोलायचं तर माझी राईड खराब होते. मी चुकीचा आहे का? – ठाणे

चुकीचा नाहीस, वेगात चालवायचा आनंद असतो आणि तो मलाही माहितीये. फक्त त्यासाठी वेगळी जागा आहे. बीआरएम कर, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड. २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७, ६०० ला ४०. ती रेस नसते पण घड्याळ चालू असतं, आपलं आपण सांभाळायचं असतं, कुणी कुणासाठी थांबत नाही आणि तसं अपेक्षितही नसतं. तिथे जा, मनसोक्त चालव, दमून ये.

पण ग्रुप ट्रिपला नाव दिलंस की त्या दिवसाचा वेग तू ठरवायचा नाही. पाच दिवसांत एक दिवस तरी स्वीप घे. मला माहितीय तुला शिक्षा वाटेल. पण मागून चालवायला पुढून चालवण्यापेक्षा जास्त दम लागतो, १२ च्या स्पीडने चढावर तोल सांभाळत कुणाच्या तरी बाजूला राहायचं, न बोलता त्याच्याकडे लक्ष ठेवायचं, त्याने शेवटचं पाणी कधी प्यायलं ते आठवायचं, खांदे झुकायला लागले की समजायचं याचं खाणं संपलंय. सगळ्यांचे चेहरे बघायचे तर मागेच राहावं लागतं. आमच्या ग्रुपमध्ये आता सगळ्यात तगडा माणूसच स्वीप असतो, दमलेला माणूस दुसऱ्याला काय सांभाळणार.

लय तुटते म्हणतोस तर थांब्यावर बसू नकोस, उलटा मागे जा, शेवटच्याला भेट आणि त्याच्याबरोबर परत ये. तुझे किलोमीटर वाढतात, अंग गार पडत नाही. आणि स्वीप घेशील तेव्हा पंप, चेन टूल, पंक्चर किट आणि एक जास्तीची पाण्याची बाटली स्वतःजवळ घे, बॅकअप गाडीत ठेवू नकोस. गाडी नेमकी पुढच्या गावात असते.